अमेरिकेत टेन्युअर ट्रॅकसाठी अर्ज (रसायनशास्त्र) : प्रपोजल, मुलाखत, लॅबचा स्टार्टअप निधी... अनुभव हवेत

शाईचा_डाग | १२ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

पीएचडी पुण्यात केली, सध्या अमेरिकेत मिडवेस्टमध्ये पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन) करतेय, जे-वन या एक्स्चेंज विसावर. विषय सोडियम-आयन बॅटरीचे कॅथोड, म्हणजे धन टोकाचं मटेरियल. या हंगामात टेन्युअर ट्रॅकवरच्या, म्हणजे काही वर्षांच्या परीक्षेनंतर कायम होता येणाऱ्या, असिस्टंट प्रोफेसरच्या जागांना अर्ज करायचं नक्की केलंय. बॉसला विचारलं तर "हो हो, कर की" यापलीकडे गाडी जात नाही. लॅबमधून आधी जे बाहेर पडले ते सगळे कंपन्यांत गेले, त्यामुळे विचारायला कोणी नाही.

रिसर्च स्टेटमेंटचे, म्हणजे पुढच्या संशोधनाच्या आराखड्याचे, पाच खर्डे झालेत आणि पाचही मला माझ्याच थीसिसचा सारांश वाटतात. शिफारसपत्रं कोणाची घ्यावीत? मुलाखतीत दोन दिवस नक्की करतात काय? नवरा पुण्यात आहे, त्यामुळे भारतातही अर्ज करणार आहे. तिकडचं कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

---

खडूमास्तर | १२ ऑगस्ट २०२५

स्वागत. मी एका सरकारी आर-वन (मोठं संशोधन चालणाऱ्या) विद्यापीठात आहे आणि सर्च कमिटीवर बरेचदा बसलोय, तेव्हा टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

आधी घड्याळाकडे बघा. रसायनशास्त्राचा हंगाम बाकीच्यांच्या आधी सुरू होतो. जाहिराती आत्ता येताहेत आणि बऱ्याच मुदती १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरमध्ये पडतात. जीवशास्त्र, भौतिकशास्त्रवाल्यांना नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत सवड असते, तुम्हाला नाही. त्यामुळे पत्रं देणाऱ्यांना आजच मेल टाका.

आता अर्ज वाचतात कसा. कमिटीत पाच-सहा जण, त्यात तुमच्या विषयाचा फार तर एक. बाकी कोणी ऑरगॅनिकवाला, कोणी बायोकेमवाली, कोणी थिअरीवाला. दिवसभर शिकवून, पोरांना झोपवून रात्री लॅपटॉप उघडतात, समोर दीडदोनशे अर्ज. पहिल्या फेरीत एका अर्जाला काही मिनिटं मिळतात. सीव्ही, प्रपोजलचं पहिलं पान, त्यावरची आकृती, पत्रांवरून एक नजर. बास. चौथ्या पानावर तुम्ही हिरा ठेवला असेल तर तो तिथेच राहतो.

त्या काही मिनिटांत वाचणारा एकच गोष्ट शोधतो : ही बाई स्वतःच्या लॅबमध्ये असं काय करणार आहे, जे तिचा बॉस करणार नाही? तुमचे पाचही खर्डे थीसिसचा सारांश वाटतात, याचा अर्थ ते याचं उत्तर देत नाहीयेत. रसायनशास्त्रात साधारण दोन-तीन स्वतंत्र प्रपोजल्स मागतात ती यासाठीच. "बॉसच्या कॅथोडमध्ये मँगनीज कमी, लोह जास्त" हे प्रपोजल नाही, ते तुमच्या सध्याच्या कामाचं पुढचं पान आहे. ते घेऊन तुम्ही एनएसएफकडे (संशोधनाला पैसे देणारी अमेरिकी सरकारी संस्था) गेलात तर त्याच टेबलावर बॉसचाही अर्ज असेल, आणि पैसे कोणाला मिळतील हे सांगायला नको. एखादा सोडियमचा थरदार ऑक्साइड हवेत उघडा राहिला की बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड खाऊन त्याच्या पृष्ठभागाची वाट लागते, हे तुम्ही रोज बघत असाल. ती तुमच्या लॅबला कटकट वाटते. तोच एखाद्याचा प्रश्न होऊ शकतो. हे फक्त उदाहरण, उचलू नका!

दुसरं, बॉसला स्पष्ट विचारा : "मी बरोबर काय नेऊ शकते?" आणि जे ठरेल ते त्याला त्याच्या पत्रात लिहायला सांगा. "हा विषय ती स्वतंत्रपणे पुढे नेणार आहे, माझी लॅब त्यात उतरणार नाही" हे एक वाक्य पत्रात असलं की कमिटीतली अर्धी चर्चा मिटते. नसलं की कोणीतरी हमखास तोच मुद्दा काढतो.

पत्रं तीन. एक बॉसचं, एक पीएचडीच्या गाइडचं, एक अशा माणसाचं ज्याच्या पगारावर तुम्ही कधीच नव्हता. गाइडबद्दल जरा नाजूक विषय आहे. आपल्याकडची पत्रं बरेचदा "अत्यंत कष्टाळू, आज्ञाधारक, मनमिळाऊ" अशी तीन ओळींत आटोपतात. लिहिणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं, इथे वाचणाऱ्याला वाटतं की बोलण्यासारखं काही नसावं. सरांना मुद्दे लिहून पाठवा : कोणती कल्पना तुमची होती, कुठे अडलं होतं, कसं सुटलं. त्यांना राग येत नाही, उलट काम हलकं होतं.

मुलाखतीचं नंतर लिहितो, क्लास आहे.

---

मोगरा२० | १२ ऑगस्ट २०२५

वाचतेय. मास्तर, "चौथ्या पानावरचा हिरा" फ्रेम करून लावणार आहे.

---

परत_फिरलेला | १४ ऑगस्ट २०२५

भारताबद्दल मी लिहितो. काही वर्षांपूर्वी परत आलो, केंद्रीय संस्थेत आहे, नाव नको.

पहिली गोष्ट, इथे हंगाम वगैरे नाही. आयआयटी आणि आयसरच्या (विज्ञानाच्या केंद्रीय संस्था) जाहिराती बहुतेक बारमाही असतात, अधूनमधून राखीव जागांसाठी विशेष भरती निघते. अर्ज टाकायचा आणि वाट बघायची. अर्ज पोचल्याची पोच आली की लगेच उत्तर येईल असं समजू नका. विभाग शॉर्टलिस्ट करतो, संस्था स्वतः तुमच्या रेफरींना पत्रं लिहिते, मग विभागात सेमिनार, मग निवड समिती, मग बोर्डाची मंजुरी. वर्ष सहज जातं. म्हणून अमेरिकेचे अर्ज टाकता टाकताच इकडचे टाकून द्या.

आयआयटीत पीएचडीनंतरचा तीन वर्षांचा अनुभव असेल तर असिस्टंट प्रोफेसर ग्रेड-वन, लेव्हल १२, सुरुवातीचा मूळ पगार १,०१,५००. त्याहून कमी अनुभव असेल तर ग्रेड-टू, कंत्राटी. टेन्युअरची सहा वर्षांची टांगती तलवार नाही. प्रोबेशन संपलं की कायम. हा मोठा फरक आहे आणि लोक त्याची किंमत कमी लावतात.

मुलाखतीचा बाजही वेगळा. निवड समितीत संचालक आणि बाहेरचे तज्ज्ञ असतात, तुम्हाला मिळतात वीस-पंचवीस मिनिटं. त्यात कोणीतरी ज्येष्ठ सर चष्मा वर करून म्हणतात, "पाच वर्षांचा प्लॅन छान आहे. नर्न्स्ट समीकरण कुठून येतं ते जरा सांगा." हसू नका, माझ्यासमोर हे झालंय. पदवीच्या पुस्तकातली थर्मोडायनॅमिक्स आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्री घासूनपुसून जा. "पहिल्या वर्षाच्या दोनशे-तीनशे मुलांना शिकवाल का?" याला उत्तर एकच, "आवडेल सर."

पगारावर घासाघीस होत नाही, बाकी सगळ्यावर होते. सीड ग्रँट (सुरुवातीचा निधी) किती, लॅबची जागा *आज* रिकामी आहे का "इमारत होतेय", क्वार्टर मिळणार का. इमारत होतेय म्हणाले तर जाऊन ती डोळ्यांनी बघून या. पैशांसाठी बाहेरचे मार्गही आहेत. संशोधनाला पैसे देणाऱ्या सर्बचं काम आता एएनआरएफ या नव्या केंद्रीय संस्थेकडे आलंय. त्यांच्या पीएम अर्ली करिअर ग्रँटमध्ये तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत मिळतात. बाहेरून परतणाऱ्यांना रामानुजन फेलोशिपही आहे, तिचे नियम आत्ताच वाचून ठेवा.

आणि खरेदी. अर्गॉन ग्लोव्हबॉक्स (हवा न लागू देता काम करायची बंद पेटी) मागवणं हा इथे स्वतंत्र संशोधनविषय होता. यंदा जूनमध्ये केंद्राने नियम सैल केले : संशोधनाच्या सामानासाठी संस्थाप्रमुख आता जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल वगळू शकतात, थेट खरेदीची मर्यादा १ लाखाची २ लाख झाली, आणि जागतिक निविदेची परवानगी संचालक देऊ शकतात. प्रत्यक्षात स्टोअर्सचा बाबू कधी वाचतो ते बघायचं.

---

कडू_कारलं | १४ ऑगस्ट २०२५

सगळे उत्साहाने सल्ले देताय ते ठीक. पण हे वर्ष कसलं आहे ते कोणी बोलणार का? हार्वर्डने आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाने मार्चमध्ये भरती गोठवली. एनएसएफचं बजेट निम्म्याहून खाली आणायचा प्रस्ताव सरकारनेच मे महिन्यात मांडला. जाहिरात निघते, मुलाखती होतात आणि मग "निधीअभावी रद्द". बॅटरी म्हणजे कंपन्यांत मागणी असलेला विषय. दुप्पट पगार घ्या आणि शनिवार-रविवार झोपा काढा.

---

खडूमास्तर | १४ ऑगस्ट २०२५

कारलं, कडू आहात पण खोटं बोलत नाही आहात. आमच्याकडेही एक जागा या वर्षी उघडता उघडता बंद झाली. प्रस्ताव म्हणजे मंजूर बजेट नव्हे, तिथे काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद आहे, तरी जागा कमी असणार हे धरून चाला. म्हणून मी म्हणेन की अर्ज *जास्त* नको, *नीट* हवेत. ज्या विभागात आधीच तीन बॅटरीवाले आहेत तिथे चौथी कशाला घेतील? आणि जिथे एकही नाही तिथे तुम्हाला लागणारं एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघायचं यंत्र) तरी आहे का? विभागाची फॅकल्टी यादी आणि उपकरणांचं पान उघडून अर्धा तास काढा, मग कव्हर लेटर लिहा.

---

लहान_कॉलेजवाली | १७ ऑगस्ट २०२५

आर-वन म्हणजेच नोकरी अशा थाटात धागा चाललाय म्हणून मध्ये पडते. मी फक्त पदवीचे विद्यार्थी असलेल्या कॉलेजात आहे. पीएचडीची मुलं नाहीत. शिकवणं भरपूर, संशोधन उन्हाळ्यातल्या दहा आठवड्यांत एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांबरोबर. टेन्युअर ट्रॅक आमच्याकडेही असतो, आणि एनएसएफ आमच्यासारख्या कॉलेजांचे अर्ज वेगळ्या वाटेनेही घेतं.

पण आर-वनचाच अर्ज नाव बदलून आमच्याकडे पाठवला की पहिल्या परिच्छेदात कळतं. "माझ्या गटातील पोस्टडॉक" असं लिहिलेलं वाचून आमच्या बैठकीत कोणीतरी हळूच म्हणतं, कुठला पोस्टडॉक? आमच्यासाठी टीचिंग स्टेटमेंट आधी वाचलं जातं. प्रकल्प असा लिहा, जो कधी ग्लोव्हबॉक्समध्ये हात न घातलेली मुलगी दहा आठवड्यांत कुठेतरी पोचवू शकेल. मी इथे सुखी आहे, एवढंच सांगते. कारल्यांना आमंत्रण, शनिवारी झोप काढतो आम्हीही.

---

तासिका_तत्त्वावर | १८ ऑगस्ट २०२५

तुम्ही ग्लोव्हबॉक्स मागताय. आम्ही नेट-सेट होऊन, पीएचडी करून दर जूनला नव्याने नेमणूक मागतो, तीही तासांच्या हिशोबाने. मानधन सहा महिने उशिरा. राज्यातल्या विद्यापीठांच्या जागा भरणार, भरणार ऐकून केस पांढरे झाले. चालू द्या.

---

परत_फिरलेला | १८ ऑगस्ट २०२५

तासिका, तुमचं दुखणं खरं आहे. त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन. इथे ते दोन ओळींत विरून जाईल.

---

शाईचा_डाग | ३० ऑगस्ट २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. बॉसशी बोलले. वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही, त्याने स्वतःच दोन गोष्टी "तुझ्या" म्हणून सोडल्या. आता दोन प्रपोजल्स आहेत, दुसरं कॅथोडबद्दल नाहीच.

मास्तर, ते मुलाखतीचं राहिलं. बंद दाराआडचं प्रपोजल सत्र म्हणतात ते काय असतं?

---

खडूमास्तर | ३१ ऑगस्ट २०२५

दोन दिवस असतात. सकाळी न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत कोणी ना कोणी बरोबर. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भेटी, विद्यार्थ्यांबरोबर जेवण (ते नंतर कमिटीला मत देतात, त्यांच्याशी तुटक वागणारे बाद झालेले पाहिलेत), डीन, उपकरणांची चक्कर. एक तासाचा जाहीर सेमिनार जुन्या कामावर. तो बहुतेकांना येतो, कारण वर्षानुवर्षं तेच बोललेलो असतो.

खरी मजा बंद दाराआड. फॅकल्टीची खोली, फळा, चार मार्कर आणि त्यातले दोन वाळलेले. (स्वतःचे न्या.) तुम्ही पहिलं वाक्य सुरू करता आणि ते संपण्याआधी कोपऱ्यातून प्रश्न येतो. इथे जुने आलेख चालत नाहीत, लोकांना पुढचं ऐकायचं असतं. पहिल्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी काय काम देणार? दुसऱ्या वर्षी तुमचं मुख्य गृहीतक चुकलं असं कळलं तर हातात काय उरतं? पहिली ग्रँट कुठल्या कार्यक्रमात टाकणार? "एनएसएफ" हे उत्तर नाही. "एनएसएफच्या मटेरियल्स रिसर्च विभागातला सॉलिड स्टेट अँड मटेरियल्स केमिस्ट्री कार्यक्रम, आणि पृष्ठभागाचा भाग ऊर्जा खात्याच्या अर्ली करिअरला" हे उत्तर आहे. एनएसएफची करिअर ग्रँट पाच वर्षांची असते, तीनदा प्रयत्न करता येतो, नागरिकत्वाची अट नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे असं दिसलं की खोलीतली माणसं जरा मागे टेकून बसतात.

एकदा आमच्याकडे एका उमेदवाराला एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी घोळात घेतलं, हे तापमानाने होतंय, तुमच्या यंत्रणेने नाहीच. पोरगा थांबला, फळ्याचा एक कोपरा पुसला आणि म्हणाला, "तसं असेल तर या दोन नमुन्यांत फरक दिसायला नको. आठवड्याचं काम आहे, आधी तेच करेन." वाद तिथेच संपला. त्याला आम्ही घेतलं. दुसरा एक जण प्रत्येक प्रश्नाला "उत्तम प्रश्न" म्हणत राहिला. त्याचं पुढे काय झालं ते सांगत नाही.

---

विसाची_वारी | २० सप्टेंबर २०२५

काल रात्रीची बातमी पाहिलीत ना? नवीन एच-वन-बी (परदेशी नोकरदारांचा विसा) अर्जाला १ लाख डॉलर फी. विद्यापीठांना या विसाची वार्षिक मर्यादा आणि लॉटरी लागू नाही हे खरं, पण या फीतून ती आपोआप सुटलेली दिसत नाहीत. कोणाला नक्की लागू, कोणाला नाही, यावर आज तरी वकीलही एकमत नाहीत. डाग, घाबरून देशाबाहेर प्रवास मात्र करू नका.

---

कडू_कारलं | २० सप्टेंबर २०२५

मी काही बोलत नाही.

---

विसाची_वारी | २३ ऑक्टोबर २०२५

इमिग्रेशन खात्याचा खुलासा आलाय : देशातच राहून दुसऱ्या वैध विसावरून एच-वन-बीवर येणाऱ्यांना ती फी नाही. म्हणजे जे-वनवरून इथल्या इथे बदल करणाऱ्यांना दिलासा. डाग, तुमच्यासाठी आणखी एक : जे-वनची दोन वर्षं मायदेशी राहायची अट. डिसेंबर २०२४ मध्ये जी नवी कौशल्य यादी (कुठल्या देशांच्या कुठल्या कौशल्यांना ही अट लागते ती) आली, तीतून भारत वगळला गेलाय. म्हणून त्या कारणाने ती अट लागत नाही. पण तुमच्या पोस्टडॉकला कुठल्या *सरकारचा* थेट पैसा असेल तर लागू शकते. डीएस-२०१९ हा जे-वनचा कागद काढून विद्यापीठाच्या ऑफिसला दाखवा. आणि नोकरी मिळालीच तर ग्रीन कार्डचा विषय पहिल्याच महिन्यात काढा. शिकवणाऱ्या पदांसाठी पर्मची (ग्रीन कार्डाआधी लागणारी कामगार खात्याची मंजुरी) वेगळी वाट आहे, ती निवड झाल्यापासून १८ महिन्यांतच वापरता येते. विभागाला हे माहीतच असेल असं नाही.

---

शाईचा_डाग | ५ फेब्रुवारी २०२६

उशिरा येतेय, माफ करा. भारतातून एका ठिकाणी सेमिनार झाला, पुढचं काही कळलं नाही. इथे दोन ठिकाणी प्रत्यक्ष बोलावलं, एक जागा मुलाखतीनंतर रद्द झाली (कारलं, तुमच्या तोंडात साखर घालू की काय करू). दुसरीकडून काल फोन आला. लेखी काही नाही अजून. विभागाचे अध्यक्ष म्हणाले, "आठवड्यात स्टार्टअपची यादी पाठवा." म्हणजे नवी लॅब उभारायला विद्यापीठ जे पैसे देतं त्यांची. हाताला घाम फुटलाय. किती मागायचं? पगाराचं बोलायचं का?

---

मोगरा२० | ५ फेब्रुवारी २०२६

अभिनंदन!!! पेढे!

---

खडूमास्तर | ५ फेब्रुवारी २०२६

अभिनंदन. आकडा आधी ठरवू नका, आधी यादी करा. आकडा यादीतून येतो. प्रायोगिक रसायनशास्त्रात आर-वनमध्ये तो मोठाच असतो, लाजू नका. डीनला एकूण रकमेपेक्षा प्रत्येक ओळीमागचं कारण हवं असतं.

लोक यंत्रं लिहितात आणि माणसं विसरतात. दोन विद्यार्थ्यांचा दोन-तीन वर्षांचा खर्च लिहा. तुमचा पगार नऊ महिन्यांचा असणार, म्हणून पहिल्या दोन उन्हाळ्यांचा पगार लिहा. मग खोली : अर्गॉनची लाइन, फ्यूम हूड, जादा वीज. हे विद्यापीठाच्या बांधकाम खात्याकडून होणार की तुमच्या पैशातून, हे *लेखी* घ्या, कारण नूतनीकरण स्टार्टअप गिळून टाकतं. सामायिक उपकरणांचे ताशी दर विचारा. ग्लोव्हबॉक्सबरोबर सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट. पैसे किती वर्षांत संपवायचे तेही विचारा. पहिल्या वर्षी एक कोर्स कमी मिळाला तर तो पैशांहून मोलाचा.

पगारही जरूर बोला, पण एकदाच. सरकारी विद्यापीठ असेल तर बऱ्याच राज्यांत सगळ्यांचे पगार जाहीर असतात, शेजारच्या असिस्टंट प्रोफेसरचा बघून ठेवा. आणि पत्र हातात येईपर्यंत दुसरीकडे काहीही नाकारू नका.

---

शाईचा_डाग | ६ फेब्रुवारी २०२६

यादी सुरू केली. बॅटरी सायक्लरचे, म्हणजे सेल पुन्हापुन्हा चार्ज-डिस्चार्ज करणाऱ्या यंत्राचे, चॅनेल किती लिहू? बॉसकडे इतके आहेत की कधी मोजलेच नाहीत.

---

खडूमास्तर | ६ फेब्रुवारी २०२६

मोजा. दर सी-बाय-टेन असेल तर चार्ज दहा तास, डिस्चार्ज दहा तास, एक फेरी वीस तासांची. शंभर फेऱ्या म्हणजे दोन हजार तास, जवळजवळ बारा आठवडे. आठ रचना, प्रत्येकीचे तीन सेल, असे चोवीस चॅनेल तीन महिने अडकले, तेही एकाच विद्यार्थ्याचे. दोन विद्यार्थी धरा, मधले फसलेले सेल धरा, चौसष्टच्या खाली जाऊ नका. हा हिशोब तसाच्या तसा यादीत लिहा, अध्यक्षांना डीनसमोर तोच वाचायचा आहे. आणि सायक्लर ज्या खोलीत ठेवणार तिला स्वतंत्र एसी आहे का, विचारा.